सहाशे किलोचं पॅनल आणि तीन ग्रॅमचा सेल

मेल आला तेव्हा पावणेपाच वाजले होते. कंटेनरचा कट-ऑफ, म्हणजे बंदरात पोचायची शेवटची वेळ, दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची, गाडी चाकणहून निघून घाट उतरायला लागलेली, आणि न्हावाशेवा बंदरातल्या फॉरवर्डरचा, म्हणजे माल बोटीवर पोचवणाऱ्या एजंटचा, एका ओळीचा निरोप: "पॅनलचा एमएसडीएस पाठवा, लाईन मागतेय." लाईन म्हणजे जहाज कंपनी, एमएसडीएस म्हणजे रसायनाचे धोके सांगणारी सेफ्टी डेटा शीट, आणि पॅनल म्हणजे लोखंडी पत्र्याचं सहाशे किलोचं कपाट. आत तांब्याच्या पट्ट्या, ब्रेकर, कॉन्टॅक्टर, दीडशे-दोनशे मीटर वायर आणि एक पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा छोटा संगणक. वीज गेली तरी पीएलसीचं घड्याळ चालू राहावं म्हणून त्याच्या पोटात एक बटण सेल. गाडीच्या रिमोट किल्लीत असतो ना, तसाच. वजन तीन ग्रॅम.

लाईनच्या फॉर्मवर प्रश्न होता, "बॅटरी आहे का?" आम्ही प्रामाणिकपणे 'हो' लिहिलं. 'नाही' लिहिलं असतं तर कोणी काही विचारलंच नसतं.

आमच्या डिस्पॅचमधल्या पोराने दहा मिनिटांत वाट काढली. सेल बनवणाऱ्या कंपनीची शीट नेटवरून उतरवली, वरचं नाव काढून तिथे 'कंट्रोल पॅनल' टाईप केलं, आमचा लोगो चिकटवला, शिक्का मारला. पाठवण्याआधी मी ती वाचली. सहाशे किलोच्या कपाटाबद्दल तिच्यात लिहिलं होतं: रंग चंदेरी, वास नाही, उत्कलनबिंदू लागू नाही. आणि प्रथमोपचाराखाली: गिळल्यास उलटी करवू नका, ताबडतोब डॉक्टरकडे न्या.

लाईनला ती शीट चालली. कंटेनर बोटीला लागला. बावीस वर्षं एक्स्पोर्टची कागदपत्रं करतोय. अशा किती शीट पाठवल्या त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही. ठेवला असता तर लाज वाटली असती.

माझं म्हणणं असं आहे की, पोटात थोडंफार रसायन असलेल्या प्रत्येक विजेच्या उपकरणाला सरसकट सेफ्टी डेटा शीट मागायची ही जी पद्धत पडली आहे, ती बंद व्हायला हवी. सुरक्षेच्या नियमांचा कंटाळा आला म्हणून हे बोलत नाहीये. ही मागणी सगळ्यांची नजर चुकीच्या जागी खिळवते आणि खरा धोका बाजूने निघून जातो, ते डोळ्यांनी पाहिलं आहे म्हणून बोलतोय.

ही शीट मुळात कशासाठी आहे ते आधी बघू. सोळा विभाग असतात. पदार्थ कोणता, धोका काय, आत काय मिसळलंय, अंगावर पडलं तर काय करायचं, आग लागली तर काय, सांडलं तर काय, कुठे कसं ठेवायचं, रंग-वास-उत्कलनबिंदू काय, कशाबरोबर ठेवलं तर भडकेल, आणि चौदाव्या विभागात वाहतुकीची माहिती. संयुक्त राष्ट्रांनी २००३ साली रसायनांच्या वर्गीकरणाची जी जागतिक पद्धत छापली, तिच्यातून हा साचा आज बहुतेक देशांत रूढ झाला. अमेरिकेने २०१२ साली आपले नियम त्या पद्धतीशी जुळवताना नावातल्या 'मटेरियल'चा 'एम' काढून टाकला. आपल्याकडे तो एम अजून ठाण मांडून बसलाय. 'एसडीएस' म्हटलं तर निम्मे लोक विचारतात, म्हणजे एमएसडीएसच ना?

साचा बघितला की लगेच कळतं, हा पिंपातल्या रसायनासाठी केला आहे. जे सांडतं, उडतं, जळतं, श्वासातून जातं, त्याच्यासाठी. कपाटाला उत्कलनबिंदू नसतो.

आणि कायदेही तेच म्हणतात. युरोपच्या रीच कायद्यात, २००६ चा तो, डेटा शीटची सक्ती पदार्थांना आणि मिश्रणांना आहे. वस्तूची त्यांची व्याख्या मला आवडते: जिचं काम तिच्या रासायनिक घटकांपेक्षा तिच्या आकारावर, घडणीवर जास्त अवलंबून आहे ती वस्तू. वस्तूला शीट लागत नाही. वस्तूत अतिचिंताजनक यादीतलं एखादं रसायन वजनाने ०.१ टक्क्यापेक्षा जास्त असेल तर ते ग्राहकाला सांगावं लागतं, पण ती वेगळी माहिती, वेगळा कागद. अमेरिकेच्या नियमातही वस्तूला सूट आहे, मात्र नेहमीच्या वापरात तिच्यातून रसायन अगदी नगण्य प्रमाणापलीकडे बाहेर येता कामा नये. गंमत म्हणजे त्याच नियमाखाली ॲसिडच्या बॅटरीला 'वस्तू' मानत नाहीत, कारण ती गळू शकते, फुटू शकते. म्हणजे रेघ कुठे मारायची ते त्यांना नीट कळलेलं आहे. आपल्याकडे १९८९ चे घातक रसायनांचे नियम आहेत, त्यांच्या सतराव्या नियमात आणि नवव्या परिशिष्टात डेटा शीट आहे. तीही घातक रसायनाचीच.

मग विमानाचे आणि बोटीचे नियम? त्यांचं सगळं काम घोषणापत्रावर चालतं. माल कोणता, त्याचा यूएन क्रमांक (संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला धोकादायक मालाचा क्रमांक) काय, वर्ग काय, किती, पॅकिंग कोणत्या सूचनेप्रमाणे, आणि खाली पाठवणाऱ्याची सही. समुद्री नियमांत आणीबाणीची माहिती हाताशी असावी असं म्हटलंय आणि ती ठेवायच्या मार्गांपैकी एक म्हणून डेटा शीटही चालते. ती माहितीसुद्धा धोकादायक मालाची. पॅनलची नव्हे.

तरीही लाईन मागते, एअरलाईन मागते, कुरियरवाला मागतो. का मागतात हे मला कळतं, आणि त्यांची बाजू पोकळ नाही. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून कोलोनला निघालेलं एक मालवाहू ७४७ उडाल्यावर बावीस मिनिटांत आगीचा इशारा द्यायला लागलं. वैमानिकांनी परत फिरायचा प्रयत्न केला, कॉकपिटमध्ये धूर इतका भरला की समोरची उपकरणं दिसेनात, विमान पडलं आणि दोघेही गेले. (विमान कंपनीचं नाव यूपीएस. आमच्या धंद्यात या नावाची पेटी असते, तिचा इथे संबंध नाही.) त्या विमानात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा माल होता, आणि तपासात निघालं की त्यातली किमान तीन कन्साइनमेंट धोकादायक माल म्हणून जाहीर करायला हवी होती, ती केलेली नव्हती. असा इतिहास मागे असताना बुकिंगच्या टेबलावरचा माणूस 'बॅटरी' हा शब्द बघून दचकला तर त्याला मी दोष देणार नाही. माल त्याने पाहिलेला नसतो. पाठवणारा खरं बोलतोय की खोटं, त्याला कळायला मार्ग नाही. मग तो हातात येईल तो कागद मागतो.

पण आला तो कागद काय कामाचा, हा माझा प्रश्न आहे. डेटा शीटवर कोणाची सही नसते. ती कोणत्याही संकेतस्थळावरून कोणालाही उतरवता येते, आणि आमच्या पोराने दाखवलंच की दहा मिनिटांत तिचं बारसंही करता येतं. ज्याला लपवायचंय त्याच्यासाठी याहून सोयीचा कागद नाही. याउलट लिथियम बॅटरीला खरा कागद आहे. संयुक्त राष्ट्रांच्या चाचणी पुस्तिकेतलं ३८.३ हे कलम: बॅटरी उंचीवरच्या कमी दाबात ठेवायची, गरम-थंड करायची, हलवायची, आपटायची, शॉर्ट करायची, चिरडायची, जास्त चार्ज करायची, उलटी डिस्चार्ज करायची. आठ चाचण्या. त्यांचा सारांश १ जानेवारी २०२० पासून मागणाऱ्याला द्यावाच लागतो, आणि त्यात प्रयोगशाळेचं नाव, अहवालाचा क्रमांक, बॅटरीचं मॉडेल, वॉट-अवर, जबाबदार माणसाचं नाव असतं. खोटा असेल तर फोन करून पकडता येतो. माझ्या अनुभवात दहातल्या सात वेळा मागणी होते एमएसडीएसची. चाचणी सारांश मागणारा माणूस भेटला की मी समजतो, याने हे काम शिकून केलंय.

आणि आमचा तो बटण सेल? उपकरणात बसवलेले फक्त बटण सेल असतील तर हवाई नियम पेटीवर बॅटरीचं चिन्हसुद्धा मागत नाहीत. नियम लिहिणाऱ्यांनी त्याचा विचार करून ठेवला आहे. त्यांनी जिथे हात सोडलाय तिथे टेबलावरचा माणूस घट्ट धरून बसतो.

चुकीची शीट निरुपयोगी असते एवढ्यावर भागलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. ती धोकादायकही असते. बटण सेलमध्ये धातूरूप लिथियम असतं. मोबाईल, लॅपटॉप, ई-बाईकच्या लिथियम-आयन बॅटरीत, ती धड असेतो, धातूरूप लिथियम नसतं. नाव एकच, जात वेगळी. लिथियम धातूच्या आगीबद्दल शीटमध्ये लिहिलेलं असतं की पाणी मारू नका, धातूच्या आगीची खास पावडर वापरा. लिथियम-आयनच्या आगीत मुख्य काम असतं थंड करणं, शेजारच्या सेलपर्यंत उष्णता पोचू न देणं, आणि त्याला भरपूर पाणी लागतं. आता समजा, एखाद्याने आयनच्या बॅटरीसोबत धातूच्या सेलची शीट जोडली. गोडाऊनमध्ये पेटी धुमसायला लागली. कोणीतरी शहाण्यासारखं शीट उघडून पाचवा विभाग वाचला आणि पाण्याचा पाईप खाली ठेवून पावडर शोधायला धावला. अशी अदलाबदल झालेली शीट मी फाईलमध्ये पाहिली आहे. नशिबाने ती कोणी उघडली नव्हती.

दुसरं उदाहरण गॅसच्या ब्रेकरचं. सबस्टेशनमधल्या बऱ्याच ब्रेकरमध्ये एसएफ-सिक्स म्हणजे सल्फर हेक्साफ्लोराइड भरलेला असतो. त्याची शीट वाचाल तर वाटेल, इतका सज्जन गॅस नाही. रंग नाही, वास नाही, विषारी नाही, जळत नाही. हवेपेक्षा पाचपट जड म्हणून खड्ड्यात, तळघरात साचून माणूस गुदमरू शकतो, तेवढी काळजी घ्या. (हवामानाच्या हिशेबात तो सज्जन नाही, शंभर वर्षांचा हिशेब धरला तर कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून जास्त तापवतो, पण तो विषय वेगळा.) नवा ब्रेकर पाठवताना गॅसचा दाब मुद्दाम कमी ठेवतात, वीस अंश सेल्सिअसला दाब २०० किलोपास्कलच्या खाली असेल तर समुद्री नियम त्या गॅसला धोकादायक माल धरत नाहीत. इथवर सगळं ठीक.

आता तोच ब्रेकर दहा वर्षं चालून, दोन-चार मोठे फॉल्ट तोडून, दुरुस्तीला परत येतो. आत ठिणगी पडते, म्हणजे विजेचा आर्क, तेव्हा त्या उष्णतेत गॅसचे तुकडे होतात. बरेचसे पुन्हा जुळतात. उरलेले आतल्या ओलाव्याशी आणि धातूशी जमवून घेतात आणि त्यातून गंधक-फ्लोरीनची संयुगं, हायड्रोजन फ्लोराइड, आणि तळाशी पांढरट करडी भुकटी तयार होते. असं टाकं उघडलं की कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. भुकटी हाताला लागली, त्यात घाम मिसळला, की कातडी चुरचुरायला लागते. जाणकार माणूस मास्क आणि हातमोज्यांशिवाय त्याला हात लावत नाही. आखाती देशातून आलेल्या अशाच एका पेटीच्या कागदांना कोणती शीट जोडली होती? गॅस पुरवठादाराची. नव्या, शुद्ध गॅसची. रंग नाही, वास नाही, विषारी नाही. दहाव्या विभागात विघटनाबद्दल एक ओळ होती खरी, पण 'हा ब्रेकर वापरलेला आहे, आत आर्क झालेला आहे' हे सांगायची जागा त्या सोळा विभागांत कुठेच नाही. शीट पदार्थाची असते. पदार्थाला आयुष्य नसतं, वस्तूला असतं. त्या पेटीवर खडूने 'वापरलेला, उघडू नका' एवढं लिहिलं असतं तरी त्या पानंच्या पानं शीटपेक्षा जास्त उपयोग झाला असता.

ट्रान्सफॉर्मरचं थोडक्यात. नेहमीच्या खनिज तेलाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेते तो, १३५-१४० अंशांच्या आसपास असतो, ज्वलनशील द्रवाची वाहतुकीतली रेघ ६० ला आहे, म्हणून ते त्या वर्गात बसत नाही. जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आणि कपॅसिटरमध्ये पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, विषारी तेलकट रसायन; सर्किट बोर्ड नव्हे) असेल तर सगळा खेळच बदलतो. स्टॉकहोम कराराने असली उपकरणं वापरातून काढायला २०२५ ची आणि कचरा निकाली काढायला २०२८ ची मुदत घातली आहे, तेव्हा भंगारात आणि वाहतुकीत ती आता जास्त दिसतील. तिथे तेलाच्या नमुन्याचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा. 'ट्रान्सफॉर्मर ऑइल'ची छापील शीट तिथे धूळफेक आहे.

आता जिथे शीट हवीच, तिथे काय होतं ते सांगतो. केबल जोडायचं किट तुम्ही पाहिलं असेल. खोक्यात प्लास्टिकचा साचा, तांब्याचे फेरूल, टेप, आणि दोन पिशव्या: एक रेझिन, एक हार्डनर. बरोबर सॉल्व्हंटने भिजवलेले पुसायचे कागद. हे सरळ सरळ रसायन आहे. हार्डनर कातडीला लागला तर त्रास देणारच, पुसायचा कागद जळणारच. इथे शीट लागते, कायद्याने लागते, आणि रेझिनची वेगळी, हार्डनरची वेगळी लागते. पण इन्व्हॉइसवर लिहिलेलं असतं 'केबल ॲक्सेसरीज'. त्यात बॅटरी हा शब्द नाही, केमिकल हा शब्द नाही. आमच्या इथून अशी किट गेली, अनेकदा गेली, आणि मला आठवतं त्यात एकदाही कोणी शीट मागितली नाही. मागणारे शब्द वाचतात, माल वाचत नाहीत.

आणि मग देशातली वाहतूक. इथे मला जरा थांबायचंय, कारण हे मी विसरू शकत नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. जेजुरीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याला ॲसिड भरलेल्या ट्युब्युलर बॅटऱ्या पाठवायच्या होत्या, यूपीएसच्या. बारा बॅटऱ्या, छोटा टेम्पो, मागे मालाबरोबर बसलेले दोन हमाल. कागद म्हणजे चलन आणि ई-वे बिल. दिवे घाटात एका वळणावर टेम्पो खड्ड्यात आदळला, दोर सुटला आणि दोन बॅटऱ्या आडव्या झाल्या. व्हेंटमधून ॲसिड गळलं. एकाच्या पँटवर पडलं, त्याने ते हाताने झटकलं आणि तोच हात घाम पुसायला डोळ्यांवर नेला.

ड्रायव्हरने टेम्पो घाटाच्या वर टपरीपाशी घेतला. टपरीवाल्याने डोळ्यात दूध घालायला सुरुवात केली. दुसरा कोणीतरी म्हणाला, ॲसिड आहे तर खायचा सोडा लावा. ड्रायव्हरने आम्हाला फोन लावला: "साहेब, यावर काय लावायचं?" डिस्पॅचमधला पोरगा, तोच, बॅटरी कंपनीच्या जुन्या मेलमध्ये शीट शोधायला लागला. सापडली. अकरा पानं, इंग्रजी. चौथा विभाग काढेपर्यंत दोन मिनिटं गेली. मी फोन हातात घेतला आणि ओरडलो, दूध नको, सोडा नको, काही लावू नका, नुसतं पाणी ओता, पापणी उघडी धरून ओता, पंधरा मिनिटं थांबू नका. टपरीवाल्याने प्यायच्या पाण्याचे दोन जार रिकामे केले. त्या माणसाचा डोळा वाचला. पुढे तीन-चार आठवडे थेंब घालावे लागले.

त्या दिवशी दुपारी आमच्याच ऑफिसातून आणखी एक पॅनल जर्मनीला रवाना झालं. पोटात तीन ग्रॅमचा सेल, सोबत आठ पानांची शीट.

आपल्याकडे याला नियम नाहीत असं कोणी समजू नये. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. धोकादायक माल नेणाऱ्या ड्रायव्हरला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली किमान एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवी, त्याने प्रशिक्षण घेतलेलं असायला हवं, माल कोणता आणि अपघात झाला तर काय करायचं याची लेखी माहिती त्याच्या केबिनमध्ये हवी, गाडीवर पाटी हवी. मोठे टँकर हे पाळतात, निदान पाटी तरी असते. पण बारा बॅटऱ्या छोट्या टेम्पोत टाकल्या की त्या 'धोकादायक माल' राहत नाहीत, नुसतं 'सामान' होतात. आणि नियमात ड्रायव्हर तरी आहे. मालावर बसलेला हमाल कुठेच नाही. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला, हमालाच्या मजुरीला, भविष्यनिर्वाह निधीला कायद्याचं छत्र दिलं. असं करणाऱ्या राज्यात पाठीवर काय उचलतोय हे त्या हमालाला त्याच्या भाषेत सांगायची तजवीज असू नये, हे मला पटत नाही.

भाषेचंही बघा. युरोपात डेटा शीट ज्या देशात माल विकायचा त्या देशाच्या अधिकृत भाषेत द्यावी लागते. पोलंडला पोलिश, पोर्तुगालला पोर्तुगीज. आमच्या ग्राहकासाठी आम्ही पैसे मोजून जर्मन भाषांतर करून घेतो, आणि त्यात एखादा शब्द चुकला तर परत पाठवतात. जेजुरीला जाणाऱ्या बॅटरीचं मराठी कोणी मागत नाही. आम्हीही कधी दिलं नव्हतं, ते आधी कबूल करतो.

लोक विसरलेत, पण ही माहिती उघड करायची सक्ती आपल्याकडे भोपाळनंतर आली. १९८४ च्या त्या रात्री हमीदिया रुग्णालयातल्या डॉक्टरांना समोरच्या माणसांच्या फुप्फुसात काय गेलंय आणि त्यावर काय द्यायचं हे नीट सांगणारं कोणी नव्हतं. त्यानंतर १९८७ साली फॅक्टरी कायद्यात नवं प्रकरण घातलं गेलं: धोका काय आहे हे कामगारांना, आसपासच्या लोकांना, स्थानिक प्रशासनाला सांगा. दोनच वर्षांनी रसायनांचे नियम आले, त्यात डेटा शीट आली. हा कागद माणसाच्या हक्कातून आला आहे. आपण त्याची टोलची पावती करून टाकली. दाखवली की गाडी पुढे.

कोणी म्हणेल, असू दे ना एक कागद जास्त, कोणाचं काय बिघडतं? बिघडतं. जो माणूस दिवसाला चाळीस खोट्या शीट फाईल करतो, तो एकेचाळिसावी खरीही वाचत नाही. आणि कागद खरा असूनही माल सुरक्षित पोचतोच असं नाही. मे २०२१ मध्ये कोलंबोसमोर पेटून पुढे बुडालेल्या एक्स-प्रेस पर्ल जहाजाची आठवण काढा. नायट्रिक ॲसिडचा कंटेनर गळतोय हे जहाजावर माहीत होतं. तो उतरवून घ्या अशी विनंती आधी कतारच्या हमाद बंदरात आणि मग आपल्या हजिऱ्यात झाली. दोन्ही ठिकाणी नकार मिळाला. तिथे माहितीची कमतरता नव्हती. गळका कंटेनर हातात घ्यायला कोणी तयार नव्हतं, एवढंच.

मी काय सुचवतो? उपकरण असेल तर लाईनने, एअरलाईनने, कुरियरने शीटचं नाव काढू नये. एवढंच विचारावं: आत कोणतं रसायन, किती, ते सीलबंद आहे का आणि कोणत्या दाबाला किंवा चार्जला, उपकरण नवं की वापरलेलं, यूएन क्रमांक कोणता किंवा कोणत्या तरतुदीखाली सूट. खाली सही, नाव, चोवीस तास उचलला जाईल असा फोन. अर्ध्या पानात बसतं. सही आली की माणूस दोनदा विचार करतो. आमचा तो पोरगा शीटवर शिक्का मारायला कधी कचरला नाही, पण घोषणापत्रावर सही कर म्हटलं की तो माझ्याकडे येतो आणि विचारतो, सर, हे नक्की ना? मला तो प्रश्न हवा आहे. आणि जिथे सुटं रसायन आहे, गळू शकेल असं काही आहे, ॲसिडची बॅटरी, तेलाचं पिंप, गॅसचं सिलिंडर, रेझिनचं किट, तिथे शीट सक्तीची करा, देशातल्या वाहतुकीतही करा, पहिलं पान राज्याच्या भाषेत ठेवा आणि ते मेलमध्ये न ठेवता मालाबरोबर द्या.

यावर आमच्या असोसिएशनच्या बैठकीत एकाने विचारलं, मराठी पान द्यायचं तर भाषांतराची जबाबदारी कोणाची, चुकलं तर कोण? रास्त प्रश्न आहे. मी म्हटलं, जर्मन चुकलं तर कोण, तेच.

आम्ही आमच्यापुरतं सुरू केलंय. बॅटरी जाते त्या प्रत्येक टेम्पोत एक ए-फोर कागद, प्लास्टिकमध्ये घालून. वर मोठ्या अक्षरात: आत ॲसिड आहे. खाली चार ओळी. बॅटरी आडवी करू नका. अंगावर, डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं साधं पाणी, दूध-सोडा-तेल काही नाही. मालाजवळ बिडी नको. हा फोन. सोबत पाच-पाच लिटरचे पाण्याचे दोन कॅन. पहिल्यांदा दिला तेव्हा ड्रायव्हरमामांनी तो उलटसुलट पाहिला आणि काचेला खंडोबाच्या फोटोशेजारी लावला. एक हमाल मला म्हणाला, "साहेब, इतकी वर्षं आम्ही हे बॅटरीचं पाणी समजत होतो."

पॅनलचं मात्र तसंच आहे. गेल्या महिन्यात पुन्हा मेल आला. या वेळी मी शीट पाठवली नाही. लेटरहेडवर लिहून दिलं: ही वस्तू आहे, आत एक बटण सेल आहे, त्यात सुमारे ०.१ ग्रॅम लिथियम आहे, उपकरणात बसवलेला आहे, सेलचा चाचणी सारांश सोबत जोडला आहे, खाली माझी सही आणि माझा फोन. वीस मिनिटांत उत्तर आलं: "नोटेड. काइंडली सेंड एमएसडीएस."

मी नाही पाठवली. कंटेनर त्या बोटीला लागला नाही, पुढच्या आठवड्याच्या बोटीला गेला, आणि मधल्या दिवसांचं भाडं आमच्या अंगावर आलं. मालकांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, एका कागदासाठी? मी फाईलमधून जुनी शीट काढली, प्रथमोपचाराचं पान त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, वाचा. त्यांनी चष्मा लावला. "गिळल्यास..." इथपर्यंत वाचलं, आणि काचेतून खाली शॉपफ्लोअरवर क्रेनला लटकलेल्या पॅनलकडे बघत राहिले.